तक्त्यावरचा हात आणि खाचरातला हात

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने वरंधा घाटाकडे चढत जातो. त्या बाजूच्या, जुन्या हिरडस मावळातल्या एका शाळेत जुलैच्या सुरुवातीला शिक्षकांची एक कार्यशाळा होती. विषय होता ‘मानवी शरीराचे अध्यापन’. बाहेर पाऊस कोसळत होता आणि खाचरांतून भाताची लावणी चालू होती. वर्गात एका भिंतीवर ‘स्नायूसंस्था’ हा रंगीत तक्ता टांगलेला होता, तर समोरच्या भिंतीवर ‘चेतासंस्था’ हा दुसरा. टेबलावर मुलांनी केलेली प्रतिकृती होती : पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, मधे बिजागरी म्हणून एक टाचणी, आणि पुढे-मागे ताणून बसवलेले दोन रबरबँड. हा ‘हात’ आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो विद्यार्थी असताना स्वतः केला असेल आणि शिक्षक झाल्यावर विद्यार्थ्यांकडून करून घेतला असेल.

आम्ही जमलेल्या शिक्षकांना एक साधा प्रश्न विचारला. ‘मूठ वळा. आता ज्या स्नायूने तुमची मूठ वळली, त्यावर दुसऱ्या हाताचे बोट ठेवा.’ बहुतेकांनी तळहातावर बोट ठेवले. काहींनी बोटांच्या पेरांवर ठेवले, तर दोघा-तिघांनी दंडाच्या बेटकुळीवर. एका बाईंनी मात्र कोपराच्या जरा खाली, हाताच्या आतल्या बाजूला बोट ठेवले. कसे ओळखले, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘घरचं भात कापताना दिवसभर विळा धरला, की संध्याकाळी इथंच भरून येतं.’

बाईंचे उत्तर बरोबर होते. ते त्यांना तक्त्याने दिले नव्हते, विळ्याने दिले होते. या एका प्रसंगामुळे आम्ही तो तक्ता आणि ती प्रतिकृती नव्याने पाहू लागलो. त्यानंतर भोर आणि वेल्हे तालुक्यांतील ज्या ज्या शाळांत गेलो, तिथले तक्तेही मुद्दाम पाहिले. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड असे झाले आहे, बोलताना मात्र सगळे वेल्हेच म्हणतात.) छापणारे वेगवेगळे असले तरी चित्र साधारण तेच असते. तेव्हा पुढील टीका कोण्या एका तक्त्यावर नाही. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात शिकवण्याची जी पद्धत आपण सर्वांनी मिळून रूढ केली, तिच्यावर ती आहे.

तक्त्याची चांगली बाजू आधी सांगायला हवी. मोठे, वरवरचे स्नायू त्यात बहुधा योग्य जागी असतात. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून प्रत्येक हालचालीसाठी उलट बाजूचाही स्नायू लागतो, ही गोष्ट पुठ्ठ्याचा हात नेमकी दाखवतो. हे मोलाचे आहे. अडचण आहे ती पुढे. तिथेच पाठ संपतो, आणि काही बाबतींत मुलांच्या मनात चुकीचे चित्र पक्के करून संपतो.

खांदा : टोपीखालचे चौघे

तक्त्यावर खांद्यावर टोपीसारखा बसवलेला एक त्रिकोणी स्नायू दिसतो. त्याचे नाव डेल्टॉइड. ‘हा हात वर उचलतो’ एवढे सांगून आपण पुढे सरकतो. पण खांद्याची खरी गोष्ट त्या टोपीखाली आहे.

खांद्याचा सांधा उखळीचा, हे मुलांना पाठ असते. उखळ म्हटल्यावर खोल खळगा डोळ्यांसमोर येतो, आणि मांडीच्या सांध्याच्या बाबतीत ते बरोबरही आहे. खांद्याची उखळ मात्र बशीसारखी उथळ आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा त्या बशीत पुरता मावत नाही. मग तो घसरून का पडत नाही? कारण खांद्याच्या पात्यापासून (ज्याला आपण फरा म्हणतो) निघणारे चार लहान स्नायू पुढून, वरून आणि मागून त्या माथ्याला वेढतात आणि प्रत्येक हालचालीत त्याला बशीत दाबून धरतात. उथळ सांध्यामुळे हाताला सर्व दिशांना फिरण्याची मोकळीक मिळाली. तिची किंमत म्हणून स्थिरतेचे काम हाडांऐवजी स्नायूंवर आले. खांदा निखळण्याचे प्रकार इतके आढळतात, ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट तक्ता सांगत नाही. संपूर्ण हात धडाच्या सांगाड्याला हाडाने फक्त एकाच ठिकाणी जोडलेला आहे : गळ्याखालचे आडवे हाड छातीच्या मधल्या हाडाला जिथे मिळते तिथे. बाकी सारे खांद्याचे पाते पाठीवर स्नायूंच्या आधाराने तरंगत असते. हे मुलांना दाखवायला कोणतेही साहित्य लागत नाही. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर, पात्याच्या खालच्या टोकाशी अंगठा ठेवावा आणि त्याला हात बाजूने हळूहळू डोक्यावर न्यायला सांगावे. पाते बाहेरच्या बाजूला सरकत फिरताना अंगठ्याला स्पष्ट कळते. हात खालपासून थेट डोक्यावर जाताना जो सुमारे १८० अंशांचा कोन होतो, त्यातले १२० अंश उखळीच्या सांध्यातले असतात आणि उरलेले ६० अंश या पात्याच्या फिरण्याचे. राजगडाच्या बालेकिल्ल्याची खडी वाट कठड्याला धरून चढलेल्या मुलांना विचारा, दुसऱ्या दिवशी कुठे दुखले? बरीच मुले काखेच्या मागची बाजू आणि पाठ दाखवतील. कमरेपासून दंडापर्यंत पसरलेला पाठीचा रुंद स्नायू हाही हाताचाच स्नायू आहे. वर धरलेल्या हाताकडे शरीर ओढून घेण्याचे काम तो करतो. हाताचे स्नायू हातातच असतात, ही समजूत इथूनच मोडायला सुरुवात करता येते.

दंड : रबरबँडची फसगत

आता पुठ्ठ्याच्या हाताकडे येऊ. त्यात चार उणिवा आहेत.

पहिली उणीव मोजमापाची. बहुतेक प्रतिकृतींत पुढचा रबरबँड पुढच्या पट्टीच्या मध्यावर किंवा मनगटाजवळ अडकवलेला असतो, कारण तिथे तो सोयीने बसतो. प्रत्यक्षात द्विशिरस्क स्नायूची, म्हणजे बायसेप्सची, कंडरा कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेली असते. हातात धरलेली वस्तू मात्र कोपरापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर असते. तरफेचा नियम लावून पाहा. कोपर काटकोनात वाकवून हातात १० किलोची बादली धरली, तर कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना मिळून तिच्या सात-आठ पट बलाने ओढावे लागते. हे नुकसान वाटेल, पण त्या बदल्यात स्नायू थोडासा आखडला तरी हाताचा पंजा मोठे अंतर झपाट्याने कापतो. दगड भिरकावणे, कोयत्याचा घाव घालणे, कांडताना मुसळ खाली आणणे या सगळ्यांचा वेग अशाच तरफांमधून येतो. रबरबँड मध्यावर लावला, की हा सारा धडा हातातून निसटतो.

दुसरी उणीव : पुठ्ठ्याचा हात फक्त वाकतो आणि सरळ होतो. आपला हात त्याशिवाय वळतोही. उजवे कोपर काटकोनात वाकवा, डावा तळवा उजव्या बेटकुळीवर ठेवा आणि उजव्या हाताने स्क्रू घट्ट पिळण्याचा अभिनय जोर लावून करा. बेटकुळी कडक होते. आता स्क्रू उलटा फिरवा, ती सैल पडते. तळवा वरच्या बाजूला वळवणे हे बायसेप्सचे मोठे काम आहे. कोपर वाकवण्याचे काम तो करतो, पण त्या कामातला खरा कष्टकरी त्याच्याखाली दडलेला दुसरा एक स्नायू आहे. तळवा कसाही असो, तो कोपर वाकवतो. वरवरच्या तक्त्यावर तो नीट दिसत नाही, म्हणून त्याचे नावही कोणी घेत नाही.

तिसरी उणीव तत्त्वाची आहे. ‘एक आखडतो तेव्हा दुसरा सैल पडतो, हात वाकताना पुढचा आखडतो, सरळ होताना मागचा’ हे वाक्य आपण नियम म्हणून शिकवतो. भरलेली कळशी टेबलावर अलगद ठेवून पाहा. हात सरळ होत आहे, म्हणजे नियमाप्रमाणे मागचा त्रिशिरस्क स्नायू काम करत असला पाहिजे. चाचपून पाहिले तर तो मऊ लागतो आणि पुढची बेटकुळी कडक. कळशी खाली नेण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते आहे. पुढचे स्नायू लांबत लांबत तिला आवरून धरत आहेत. स्नायू लांबत असतानाही काम करतो, ही गोष्ट नियमात बसत नाही. तसेच विळ्याची मूठ घट्ट धरताना मनगटाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणलेले असतात. तसे नसेल तर मनगट डगमगेल आणि विळा चुकेल. तेव्हा ‘एक आखडतो तेव्हा दुसरा सैल’ हा एक प्रकार झाला, नियम नव्हे.

चौथी उणीव अशी, की रबर आधी ताणले तरच ओढते. त्यात साठवलेली शक्ती आपणच घातलेली असते. स्नायू आपली शक्ती अन्नातून मिळवतो आणि चेतेकडून आज्ञा आल्यावरच आखडतो. आज्ञा हा भाग त्या पुठ्ठ्यात कुठेच नाही. या मुद्द्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

बोटे : दोऱ्या इथे, ओढणारा तिकडे

बोटे हलवणारा एकही स्नायू बोटांच्या आत नसतो. ही साधी गोष्ट आमच्या कार्यशाळेत बहुतेकांना धक्का देऊन गेली. बोटे जोराने वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू कोपर ते मनगट या भागात आहेत. त्यांच्यापासून निघालेल्या लांब, पांढऱ्या, चिवट कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीच्या हातापायांत जोर नसतो, जोर दोऱ्या ओढणाऱ्याच्या हातात असतो. तशातलाच हा प्रकार. ही व्यवस्था सोयीची आहे. सगळे मांस बोटांतच भरले असते, तर बोटे केळ्यांसारखी जाड झाली असती आणि चिमटीत सुईही धरता आली नसती.

अर्थात तळहातातही सुमारे वीस लहान स्नायू आहेत. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा दिसतो, तो त्यांतल्याच काहींचा. बोटे फाकवणे, जवळ आणणे, अंगठा करंगळीसमोर आणणे ही नाजूक कामे या लहान स्नायूंची. जॉन नेपिअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५६ साली हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले : एक जोराची पकड आणि दुसरी नेमकेपणाची. आपल्या भाषेत त्यांना आधीपासून नावे आहेत : मूठ आणि चिमूट. मुठीत कोपराखालच्या मोठ्या स्नायूंचा जोर असतो. चिमटीत त्या जोराला तळहातातल्या लहान स्नायूंची वळणे मिळतात.

या दोन्ही पकडी एकाच माणसाच्या दोन हातांत पाहायच्या असतील, तर लावणीच्या वेळी खाचराच्या बांधावर उभे राहावे. डाव्या हाताच्या मुठीत रोपांची जुडी, आणि उजव्या हाताच्या चिमटीत जुडीतून सुटी केलेली दोन-चार रोपे. चारसूत्री पद्धतीची लागवड असेल तर खुणांच्या दोरीवर नेमके अंतर राखून ती चिखलात बसवायची, आणि नंतर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी बोटांनी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. चिखलात बोटे दिसत नाहीत. तरीही रोपे किती, किती खोल गेली, गोळी सुटली की नाही, हे सारे बोटांना कळते. मुलांनी हे हजारदा पाहिलेले असते, अनेकांनी केलेलेही असते. स्नायूंच्या पाठात याचा एका ओळीचाही उल्लेख आमच्या पाहण्यात आला नाही.

कंडरांची गंमत मुलांना अशी दाखवता येते. तळवा टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट आत दुमडा आणि बाकीच्या बोटांची टोके टेबलाला टेकलेली ठेवा. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळीही उचलते. अनामिका मात्र हटून बसते. बोटे सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या आहेत, आणि मधले बोट दुमडले की अनामिकेची कंडराही जखडली जाते.

ही शरीररचना काही नवी शोधलेली नाही. आंद्रेआस व्हेसॅलिअसने १५४३ साली आपला शरीररचनेचा प्रसिद्ध ग्रंथ छापला, तेव्हा त्यात स्वतःचे एक चित्र घातले. त्या चित्रात तो मृतदेहाचा सोललेला हात धरून उभा आहे आणि बोटांकडे जाणाऱ्या कंडरा वाचकाला दाखवतो आहे. अख्ख्या शरीरातून स्वतःच्या चित्रासाठी त्याने हीच जागा निवडली. जवळजवळ पाचशे वर्षांनी आपला शालेय तक्ता मात्र बेटकुळीपाशीच थबकला आहे.

दोन भिंतींवरचे दोन तक्ते

आमची सर्वांत मोठी तक्रार वेगळीच आहे. स्नायूंच्या तक्त्यात चेता नाहीत आणि चेतांच्या तक्त्यात स्नायू नाहीत. पहिल्या तक्त्यातला माणूस तांबडा, दुसऱ्यातला पिवळ्या दोऱ्यांचा. दोघे समोरासमोरच्या भिंतींवर, आणि बहुतेक ठिकाणी दोन वेगवेगळ्या इयत्तांत. दोघांची भेट होतच नाही.

प्रत्यक्षात मानेच्या खालच्या भागातून आणि छातीच्या सुरुवातीतून निघालेल्या पाच चेतामुळांची काखेच्या वर गुंफण होते आणि तिच्यातून हाताच्या सगळ्या चेता निघतात. पंजाच्या दृष्टीने त्यांतल्या तीन महत्त्वाच्या : मीडियन, अल्नर आणि रेडियल. त्यांची ओळख करून घ्यायला डॉक्टर ज्या तीन खुणा वापरतात, त्या कोणत्याही वर्गात करता येतात. अंगठा ताठ वर करा : हे रेडियल चेतेचे काम. अंगठा आणि तर्जनीची टोके जुळवून गोल करा : हे मीडियनचे. पाचही बोटे पंख्यासारखी फाकवा : हे अल्नरचे. अल्नर चेतेशी प्रत्येक मुलाची आधीच ओळख झालेली असते. बाकावर कोपर आपटले की करंगळीपर्यंत जी झणझणीत कळ जाते, ती हिचीच. कोपराच्या आतल्या बाजूला ही चेता हाडाच्या खोबणीतून जाते आणि तिथे तिच्यावर कातडीखेरीज फारसे आवरण नसते.

या चेता एकमार्गी नाहीत. आज्ञा घेऊन त्या खाली जातात, तसेच स्पर्श, दाब, वेदना आणि स्नायूंचा ताण यांची खबर घेऊन वरही येतात. आज्ञा सेकंदाला ५०-६० मीटर वेगाने धावते, म्हणजे मानेपासून पंजापर्यंत यायला तिला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. बोटांची संवेदनशीलता मोजायला कंपासपेटीतले कर्कटक पुरे. त्याच्या दोन टोकांऐवजी बोथट काड्या लावा आणि डोळे मिटलेल्या मुलाला हलकेच टेकवा. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचे अंतरही ‘दोन टोके’ म्हणून कळते. कोपराखालच्या कातडीवर मात्र तीन-चार सेंटिमीटर अंतर असले तरच दोन वेगळी टोके कळतात. पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ साली मेंदूच्या पृष्ठभागाचा जो नकाशा मांडला, त्यात हाताच्या वाट्याला त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा आली, त्याचे कारण हेच. चिखलातली बोटे पाहू शकतात, ती या जोरावर.

चेता स्नायूला चिकटलेली नसते, हेही सांगायला हवे. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतकी फट असते. चेतेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सुटते, ते फट ओलांडते आणि मगच स्नायू आखडतो. चेतासंदेश रसायनांमार्फत पोचवले जातात, या शोधासाठी हेन्री डेल आणि ओटो लोवी यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याने काय बिघडते?

एखादा शिक्षक म्हणेल, सातवी-आठवीच्या मुलांना एवढे कशाला? परीक्षेला बायसेप्स-ट्रायसेप्स पुरतात.

वेल्हे तालुक्यातल्या एका शाळेत कार्यशाळा संपल्यावर शाळेत भात-आमटी शिजवणाऱ्या मावशी आमच्याकडे आल्या. रात्री हात बधिर होतो, जाग येते, झटकला की बरे वाटते. कोणी म्हणाले वात आहे, कोणी म्हणाले रक्त कमी आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही एवढेच विचारले, कोणती बोटे? त्यांनी अंगठा, तर्जनी आणि मधले बोट दाखवले. करंगळी ठीक होती. मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन चेता दाटीवाटीने जातात. तिथे सूज आली की पहिल्यांदा चेता दबते, आणि नेमकी हीच बोटे बोलू लागतात. हे तपासून घ्या, वेळेत उपचार झाले तर हात वाचतो, असे सांगून आम्ही त्यांना रुग्णालयात जायला सांगितले. शेजारी विज्ञानाचे सर उभे होते. ते म्हणाले, ‘मी पंधरा वर्षं हा पाठ शिकवतोय. कोणतं बोट हे विचारायचं मला कधी सुचलं नसतं.’ सरांचा यात दोष नाही. त्यांच्या तक्त्याने त्यांना ते कधी सांगितलेच नव्हते.

करंगळी आणि अनामिका बधिर झाली किंवा वाकडी होऊ लागली, तर बोट अल्नर चेतेकडे जाते. त्याची कारणे अनेक, पण आपल्याकडे एक कारण विसरून चालणार नाही : कुष्ठरोग. हा रोग चेतांवर हल्ला करतो, आणि कोपराजवळची अल्नर चेता त्याच्या नेहमीच्या जागांपैकी एक. बधिर चट्टा आणि बोटांतली कमजोरी वेळीच ओळखली, तर हात वाकडा होण्याआधी रोग बरा करता येतो. त्यासाठीचे बहुविध औषधोपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ साली सुचवले, आणि ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाल्याचे २००५ साली जाहीर झाले. पण नवे रुग्ण आजही सापडतात. बधिर हाताला चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि मग लोक म्हणतात, बोटे झडली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या एका प्रकारात चांगल्या स्नायूची कंडरा वळवून लुळ्या बोटांना जोडतात, आणि रुग्ण ती नव्याने वापरायला शिकतो. बोटांच्या दोऱ्या कुठून येतात हे ज्याला ठाऊक, त्याला ही शस्त्रक्रिया चमत्कार वाटणार नाही, समजेल.

आणि ती वीस हजाराव्या भागाची फट? मण्यार चावली की तिचे विष नेमके तिथे काम करते. चेतेच्या टोकातून रसायन सुटणेच बंद पडते. स्नायू शाबूत असतो, चेताही आज्ञा आणून पोचवते, पण ती पलीकडे जात नाही. पापण्या जड होतात, हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि बऱ्याचदा दुखतही नाही, सूजही येत नाही. ‘सूज नाही, म्हणजे विष नाही’ असे समजून घरी थांबणे जिवावर बेतते. वरंधा घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू आणि सर्पदंशाच्या रुग्णांवर आयुष्यभर काम केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे काम घाटाच्या या बाजूच्या मुलांना ऐकवण्यासारखे आहे. पापणी का पडते हे समजलेला विद्यार्थी घरच्यांना ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला’ असे ठामपणे सांगू शकेल.

मग करायचे काय?

तक्ते फाडून टाका, असे आमचे म्हणणे नाही. नवे महाग साहित्यही नको. काही बदल असे करता येतील.

दोन्ही तक्ते शेजारी शेजारी टांगावेत, आणि एका इयत्तेत तरी स्नायू व चेता एकत्र शिकवाव्यात. पुठ्ठ्याच्या हाताचा रबरबँड कोपराजवळ लावावा, मुलांना पट्टीने अंतरे मोजू द्यावीत आणि तरफेचे गणित त्याच तासाला करावे. एक रबरबँड काढून त्या जागी दोरा बांधावा आणि तो एका मुलाच्या हातात द्यावा. दुसऱ्याने हाक मारली की त्याने ओढावे. म्हणजे स्नायूला आज्ञा लागते हे कळेल. कंडरा दाखवायला, घरच्यांची हरकत नसेल तिथे, खाटकाकडून कोंबडीचा पंजा आणावा. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्या दिसतात. मागची चिमट्याने ओढली की बोटे वळतात, पुढची ओढली की सरळ होतात. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. चालणार नसेल तिथे स्वतःचे मनगट पुरे : मूठ घट्ट वळून मनगट जरासे आत वाकवले, की आतल्या बाजूला कंडरा उठून दिसतात.

शेवटी, पाठ संपल्यावर गृहपाठ म्हणून नावे पाठ करायला देऊ नयेत. घरात कोण कोणते काम करते, त्यात मूठ किती आणि चिमूट किती, दिवसाच्या शेवटी हात नेमका कुठे दुखतो, बधिर होत असेल तर कोणती बोटे, हे मुलांनी विचारून लिहून आणावे. रोगनिदान करायचे नाही, हे त्यांना बजावून सांगावे. बधिरपणा किंवा कमजोरी आढळली तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा आणि घरातले नाव वर्गात पुकारू नये.

त्या पहिल्या कार्यशाळेनंतर कोपराखाली बोट ठेवणाऱ्या बाईंनी आम्हाला कळवले, की त्यांनी हा गृहपाठ सातवीला देऊन पाहिला. एका मुलीने वहीत लिहिले होते : ‘आजी म्हणते, तिच्या दोन बोटांना चहाचा कप गरम लागत नाही.’ बाई दुसऱ्याच दिवशी त्या आजींना घेऊन दवाखान्यात गेल्या. तपासणीत काय निघाले ते आम्ही इथे सांगणार नाही, तो त्या घरातला विषय आहे. पण तपासणी झाली, ती स्नायू आणि चेतांच्या पाठामुळे झाली. आपण हा गृहपाठ देऊन पाहिलात, तर आपले अनुभव आम्हाला जरूर कळवा.